पडणार आहे, पण कधी?

‘दुधाचा दात आहे, पडणारच आहे, त्यावर कशाला पैसे घालवायचे?’ हा प्रश्न घराघरात विचारला जातो आणि वरवर पाहता त्यात गैर काही नाही. फक्त तो विचारताना डोळ्यांपुढे असतात पुढचे दात. ते सहाव्या-सातव्या वर्षी हलू लागतात आणि आठव्यापर्यंत पडून जातात. खोल कीड मात्र बहुतेक वेळा दाढांना लागते. दुधाच्या वीस दातांमध्ये आठ दाढा असतात. त्यांतली मागची दाढ साधारण दोन-अडीच वर्षांच्या सुमारास येते आणि दहाव्या ते बाराव्या वर्षाच्या दरम्यान पडते. म्हणजे चार वर्षांच्या मुलाच्या या दाढेला खड्डा पडला असेल, तर तिची अजून सहा ते आठ वर्षांची चाकरी बाकी आहे. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त मुलांचे दात किडलेले आढळले होते, तेव्हा हा हिशेब फार थोड्या घरांपुरता आहे असे समजायचे कारण नाही. दाढ पडणार हे खरेच, पण त्यावरून उपचार टाळायचे हे ठरत नाही. कोणता उपचार करायचा आणि कितपत करायचा, हे मात्र ठरते. खोल किडीच्या बाबतीत पहिला प्रश्न खड्डा केवढा आहे हा नाही. या दाढेचे किती दिवस उरलेत, हा आहे.

दुधाच्या दाढेची रचना किडीला सोयीची असते. वरचे कठीण कवच कायमच्या दाढेपेक्षा पातळ आणि आतली नस त्या मानाने मोठी, तिची टोके पृष्ठभागाच्या बरीच जवळ आलेली. शिवाय शेजारच्या दोन दाढा एकमेकींना रुंद चिकटलेल्या असतात. कीड त्या फटीत सुरू होते आणि वरून दिसत नाही. खड्डा दिसतो तो वरचे कवच खचल्यावर, आणि तोवर आतले बरेच पोखरलेले असते. गोड किंवा गार लागल्यावर क्षणभर कळ येते तोवर नस सावरू शकते. मूल रात्री झोपेतून उठून रडू लागले की बहुधा ती वेळ निघून गेलेली असते. मग एक दिवस ठणका आपोआप थांबतो आणि घरात सगळ्यांना हायसे वाटते. खरे तर नस मेलेली असते, आणि काही आठवड्यांनी हिरडीवर पुळी येते. दुधाच्या दाढेच्या मुळांच्या मधोमध कायमच्या दाताचा कोंब वाढत असतो. वरचा पू तिथवर पोचला तर तो नवा दात डागाळलेला किंवा खडबडीत येऊ शकतो. दाढ उपटून टाकली तर वेगळाच घोटाळा होतो. सहाव्या वर्षाच्या सुमारास तिच्या मागे पहिली कायमची दाढ येते. (कोणताही दात न पडता ती येत असल्यामुळे पुष्कळ पालक तिलाही दुधाचीच समजतात आणि तीही किडू देतात.) पुढची जागा रिकामी दिसली की ही दाढ पुढे सरकते, आणि खाली वाढणाऱ्या दाताची वाट अडते.

मग उपचार काय? पूर्वी शिकवण सरळ होती: किडलेले सगळे खरवडून काढा, भुसभुशीत कणही ठेवू नका, मग सिमेंट किंवा चांदी भरा. खोल खड्ड्यात या नियमाचा परिणाम असा व्हायचा की शेवटचा थर काढताना नसच उघडी पडायची. किडीतले जंतू तोंडातल्या साखरेवर जगतात. खड्डा वरून पक्का बंद केला की त्यांची रसद तुटते, कीड पुढे सरकणे थांबते आणि नस आतून नवा थर धरायला लागते. त्यामुळे आता खड्ड्याच्या कडा स्वच्छ करून नसेलगतचा चिवट थर तसाच ठेवणे हा मान्य मार्ग झाला आहे. ‘कीड आतच ठेवली?’ असे ऐकल्यावर कुणाच्याही कपाळाला आठ्या पडतील. ही कामचुकारपणाची सबब वाटू शकते, म्हणून पुरावा तपासायला हवा.

सर्वांत टोकाचा पुरावा स्कॉटलंडमधून आला. तिथल्या नॉर्ना हॉल या दंतवैद्य बाई मुलांच्या किडलेल्या दाढांवर काहीही न खरवडता, भूलही न देता, थेट स्टीलची तयार कॅप बसवत. त्यांच्या नोंदींचे विश्लेषण २००६मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा भुवया उंचावल्या. पुढे तिथल्याच डंडी शहरातल्या संशोधकांनी १३२ मुलांवर रीतसर चाचणी घेतली. प्रत्येक मुलाच्या सारख्या किडलेल्या दोन दाढांपैकी एकीवर हॉल पद्धतीची कॅप बसवली, दुसरीवर नेहमीचे उपचार केले. पाच वर्षांनी पाहिले तर नस खराब होणे किंवा गळू होणे असे मोठे अपयश कॅप बसवलेल्या दाढांत ३ टक्के होते आणि दुसऱ्या गटात १६.५ टक्के. प्रत्यक्ष काम पाहिले तर साधे आहे. दाढा फारच घट्ट असतील तर काही दिवस आधी मधल्या फटीत रबराची छोटी कडी अडकवून जागा करतात. मग मुलाला सरळ बसवून, मापाची कॅप सिमेंटने भरून दाढेवर दाबतात आणि त्याला कापसाच्या बोळ्यावर जोरात चावायला सांगतात. भोवतीची हिरडी क्षणभर पांढरी पडते. तोंड मिटल्यावर ती दाढ आधी लागते, पण काही आठवड्यांत चावा आपोआप जुळतो. अट एकच, पण ती कडक: नस जिवंत हवी. रात्रीचा ठणका, पुळी किंवा एक्स-रेत मुळांपाशी काळी सावली असेल, तर वरून झाकण लावणे म्हणजे पू कोंडून ठेवणे.

याविरुद्ध खरा वजनदार आक्षेप ब्रिटनमधल्याच ‘फिक्शन’ या चाचणीतून येतो. तिचे निष्कर्ष २०२०मध्ये आले. तीन ते सात वर्षांच्या ११४४ मुलांचे तीन गट केले होते: एकाला नेहमीचे भरणे, दुसऱ्याला कीड आत बंद करण्याचे उपचार, तिसऱ्याला फक्त प्रतिबंधाचे उपाय. तीनेक वर्षांत दुखणे किंवा संसर्ग झालेल्या मुलांचे प्रमाण तिन्ही गटांत ४० ते ४५ टक्के भरले, फरक नगण्य. मग कॅपचा खटाटोप कशाला? माझ्या मते या दोन चाचण्यांची उत्तरे वेगळी आहेत, कारण त्यांचे प्रश्नच वेगळे आहेत. डंडीत एकेका दाढेचे काय झाले ते मोजले, ‘फिक्शन’मध्ये अख्ख्या मुलाचे. कॅप एक दाढ वाचवते, पण त्या तोंडात उरलेले एकोणीस दात त्याच साखरेत बुडालेले असतात. त्यामुळे कॅप बसली म्हणजे काम संपले असे सांगणारा डॉक्टर आणि उपचारांनी काही फरक पडत नाही असे म्हणणारा पालक, दोघेही या आकड्यांचा अर्धाच भाग वाचतात.

कीड नसेपर्यंत पोचलेली असेल तर पुढची पायरी येते. दाढेच्या डोक्यातली नस कापून मुळांतली शिल्लक ठेवायची, हा तो उपाय. त्यातला निर्णायक क्षण अगदी साधा असतो: नस कापल्यावर ओला कापूस दाबून काही मिनिटे थांबायचे. रक्त थांबले तर मुळांतली नस निरोगी आहे असे धरतात. गडद रक्त वाहतच राहिले तर सूज खाली उतरली आहे. या शिल्लक नसेवर लावायला अनेक दशके फॉर्मोक्रेसॉल हे औषध वापरले गेले. २००४मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्यातल्या फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत टाकले, आणि आज एमटीएसारख्या सिमेंटकडे कल आहे. मुळांतलीही नस गेली असेल तर संपूर्ण रूट कॅनाल करतात. मोठ्यांच्या रूट कॅनालमधला रबरासारखा पदार्थ मात्र इथे चालत नाही. दुधाच्या दाताची मुळे पुढे विरघळणार असतात, म्हणून त्यांच्याबरोबर विरघळणारी पेस्टच भरावी लागते.

‘लहान मुलाचे रूट कॅनाल म्हणजे डॉक्टरांचा धंदा’ हा संशय मी सरसकट उडवून लावणार नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या, मुळे निम्म्याहून अधिक विरघळलेल्या दाढेवर रूट कॅनाल आणि वर महागडी कॅप सुचवली जात असेल, तर एक्स-रे समोर ठेवून कारण विचारावे. तिथे दाढ काढणे हाच शहाणपणा असतो. तेच पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत उलटे होते, आणि तिथेही दाढ वाचण्यापलीकडे गेली असेल तर काढल्यावर जागा राखणारी तारेची कडी बसवणे बहुधा गरजेचे असते. स्टीलची कॅप वाईट दिसते ही तक्रार खरी आहे. दाढ मागची असल्याने ती खपून जाते, आणि पांढऱ्या कॅपसाठी दाढ बरीच जास्त घासावी लागते. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडचे थेंब लावून कीड थोपवण्याचा आणखी स्वस्त मार्ग आहे. त्यात नुसते चोपडायचे असते, पण किडलेला भाग काळाकुट्ट होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. तीन वर्षांच्या, खुर्चीत बसायलाच तयार नसलेल्या मुलाला पूर्ण भूल देऊन दात भरण्यापेक्षा काळे डाग सोसणे बरे, असे मला वाटते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३मध्ये पालघरहून झाली, आणि त्यात तपासायच्या आजारांच्या यादीत दातांचे विकारही आहेत. अंगणवाडीत आणि शाळेत पथक येते, तोंड उघडून पाहते, गरज पडल्यास पुढे पाठवते. हॉल पद्धतीला ड्रिल लागत नाही, इंजेक्शन लागत नाही, लागतो तो कॅपचा संच, थोडे सिमेंट आणि शिकलेला हात. तालुक्याच्या दवाखान्यात ही सोय झाली, तर पथकाने दिलेली चिठ्ठी दाढ उपटण्यावरच येऊन थांबणार नाही. मात्र नस जिवंत आहे तोवरच मूल तिथे पोचायला हवे. म्हणजे रात्रीच्या ठणक्याची वाट न पाहता, दाढांच्या फटीत सारखा घास अडकू लागला तेव्हाच.