पडद्यावरील कोळी व भिंतीवरील कोळी

श्रोतेहो, कोळी हा आपल्या घरांतील फार जुना रहिवासी. परंतु त्याला शंभर फूट वाढवून गांवांवर सोडण्याची कल्पना सुचली ती अमेरिकेंतील चित्रपटकारांना. शास्त्राचें निमित्त करून प्रेक्षकांस भिवविणाऱ्या चित्रपटांत कोळ्याला मोठेंच मानाचें स्थान आहे. हे चित्रपट आतां घरबसल्या पाहावयास मिळतात, आणि ते पाहून मुलें विचारतात, “असा कोळी खरोखर असूं शकेल काय?” या प्रश्नाचें उत्तर शास्त्राच्याच आधारें द्यावें, आणि या भयाची किंमत कोणाला द्यावी लागते तेंही पाहावें, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

या चित्रपटांतील विशेष गाजलेला म्हणजे १९५५ सालीं जॅक अर्नोल्ड यांनीं दिग्दर्शित केलेला ‘टॅरंटुला’. ॲरिझोनाच्या वाळवंटांत एक प्राध्यापक प्रयोग करीत आहेत. जगाची लोकसंख्या वाढत आहे, अन्न अपुरें पडणार, म्हणून किरणोत्सर्गी द्रव्याच्या साहाय्यानें नवें पोषक अन्न निर्माण करावें, असा त्यांचा उद्देश आहे. उद्देश लोककल्याणाचाच, परंतु हें अन्न टोंचलेला एक केसाळ कोळी प्रयोगशाळेंतून निसटतो, वाढत वाढत टेकडीएवढा होतो, आणि गुरें व माणसें खात सुटतो. शेवटीं विमानांतून आगीचा वर्षाव करून त्याला जाळावें लागतें. त्या विमानांच्या तुकडीचा नायक झालेला तरुण नट म्हणजे पुढें जगप्रसिद्ध झालेले क्लिंट ईस्टवुड. मौज अशी कीं, पडद्यावरचा हा राक्षस म्हणजे एक जिवंत कोळीच होता. वाळवंटाच्या लहानशा प्रतिकृतीवर त्याला सोडून हवेच्या फुंकरीनें हव्या त्या दिशेस चालविलें, आणि तें चित्र माणसांच्या चित्राशीं जोडून दिलें.

आतां थोडें गणित करूं. पायांसह अर्धा फूट रुंद असलेला कोळी शंभर फूट झाला, म्हणजे तो लांबी, रुंदी आणि जाडी या तिन्ही बाजूंनीं २०० पट वाढला. वजन तिन्ही मापांच्या गुणाकारानें वाढतें. म्हणून तें ८० लक्ष पट होईल. मूळचा कोळी २० ग्रॅमांचा धरला, तर हा राक्षस १६० टनांचा, म्हणजे तीसएक हत्तींच्या वजनाचा झाला. परंतु पायाचें बळ अवलंबून असतें त्याच्या जाडीच्या छेदावर, आणि तो छेद दोनच मापांनीं, म्हणजे ४० हजार पट वाढतो. अर्थात् पायाच्या प्रत्येक तसूवर पूर्वीच्या २०० पट भार येणार! गांवावर चाल करून जाणें दूरच, या बिचाऱ्याला जागचें उठतांही येणार नाहीं. हा नियम गॅलिलिओनें १६३८ सालच्या आपल्या ग्रंथांत सांगितला होता. पुढें भारतांत येऊन स्थायिक झालेले शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनींही १९२६ सालीं याच विषयावर एक सुरेख निबंध लिहिला.

दुसरी अडचण पायांच्या रचनेची. कोळ्याच्या पायांतील मुख्य सांधे मिटण्यास स्नायु आहेत, पण उघडण्यास नाहींत. शरीरांतील द्रवाच्या दाबानें पाय सरळ होतात. मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाशीं आखडलेले आपण पाहतों, त्याचें कारण हेंच: दाब गेला कीं पाय मिटले. शंभर फुटी देहांत हा दाब आणावा कोठून? तिसरी अडचण श्वासाची. वहीच्या पानांसारख्या पातळ पडद्यांतून कोळी हवा शोषतो. एवढ्याशा देहाला ती पुरते. १६० टनांच्या देहांत प्राणवायु आंतपर्यंत पोंचण्यापूर्वींच तो गुदमरून जाईल.

तेव्हां मुलांना निःशंकपणें सांगावें कीं, असा कोळी होणें नाहीं. मग शहाणीं माणसेंही पडद्यासमोर कां भितात? कारण या कथांत माणूस भितो तो स्वतःच्याच करणीला. १९४५ सालीं हिरोशिमावर अणुबाँब पडला, आणि पुढील दशकांतील चित्रपटांत किरणोत्सर्गाचें भय शिरलें. अर्नोल्ड यांच्याच १९५७ सालच्या ‘द इन्क्रेडिबल श्रिंकिंग मॅन’ या चित्रपटांत तर कोळी वाढतच नाहीं. किरणोत्सर्गी धुक्यांत सांपडलेला माणूसच लहान लहान होत जातो, आणि तळघरांतील कोळ्याशीं त्याला टांचणी घेऊन झुंजावें लागतें. १९७७ सालच्या ‘किंग्डम ऑफ द स्पायडर्स’मध्यें कीटकनाशकांमुळें कोळ्यांचें भक्ष्य नाहींसें होतें, म्हणून ते गुरांवर व माणसांवर तुटून पडतात. २००२ सालच्या ‘एट लेग्ड फ्रीक्स’मध्यें विषारी रसायनाचें पिंप तळ्यांत पडून अनर्थ ओढवतो. काळागणिक चिंता बदलली. मुखवटा मात्र कोळ्याचाच राहिला.

आणि या मुखवट्याची किंमत कोळीच देतो. १९७७ सालच्या त्या चित्रपटासाठीं हजारों जिवंत कोळी जमविले होते, आणि चित्रण चालू असतां त्यांतील पुष्कळ चिरडले गेले. कथेंत माणसें मेलीं, प्रत्यक्षांत कोळी मेले. १९९० सालच्या ‘अरॅक्नोफोबिया’ या चित्रपटांत एका दंशानें माणूस मारणारे कोळी दाखविले आहेत. त्यांचें काम केलें तें न्यूझीलंडमधील निरुपद्रवी कोळ्यांनीं. ते आकारानें मोठे आणि गुण्यागोविंदानें एकत्र राहणारे, म्हणूनच त्यांची निवड झाली.

श्रोतेहो, याच कोळ्यांचा एक भाऊबंद आपल्या घरांत राहतो. भिंतीला चिकटून बसणारा, मोठा, चपटा, तपकिरी. मादी असेल तर पोटाखालीं पांढऱ्या चकतीसारखी अंड्यांची पिशवी संभाळणारी. तो जाळें विणीत नाहीं. रात्रीं हिंडून झुरळें खातो. त्याच्या दंशानें माणसाच्या जिवास धोका नसतो. तरीही तो दिसतांच घरांत आरडाओरड होते आणि केरसुणी उगारली जाते. चित्रपट अवश्य पाहावेत; भिण्यांतही एक गोडी आहे. पण दिवा लागल्यावर भिंतीवरच्या कोळ्यास ती शिक्षा नको. तो नकोसाच वाटला, तर त्यावर पेला पालथा घालावा, खालून जाड कागद सरकवावा, आणि त्याला अंगणांत सोडून द्यावें. घरांतील मुलें हें पाहत असतात. कोणाला भ्यावें आणि कोणाला भिऊं नये, हें तीं आपल्याकडूनच शिकतात.