डेमलो स्थानक आणि एक मूळ संख्या

ठाण्याहून कल्याणकडे जातांना लागणारें डोंबिवली स्थानक आपणांपैकीं अनेकांच्या नित्य परिचयाचें असेल. परंतु गणिताच्या ग्रंथांत त्याचें 'डेमलो' हें जुनें नांव कायमचें कोरलें गेलें आहे, हें थोड्यांस ठाऊक असेल.

तत्कालीन ठाणें जिल्ह्यांतील डहाणूस १९०५ सालीं जन्मलेले व ठाण्यास शिकलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांस १९२३ सालीं या स्थानकावर गाडी बदलतांना एका संख्याकुलाची कल्पना सुचली. त्या कुलास त्यांनीं स्थानकाचेंच नांव दिलें. पुढें देवळालीस शिक्षक असतांना, १९३९ सालीं, गुंजीकर यांच्यासह त्यांनीं मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकांत डेमलो संख्यांचें विवेचन प्रसिद्ध केलें.

या कुलांतील सर्वांत मोहक शाखा पाहूं. ११ चा वर्ग १२१. १११ चा १२३२१. असें करीत नऊ एकांच्या संख्येचा वर्ग केला, तर १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. कारण सोपें आहे. गुणाकार मांडतांना प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकते, म्हणून उभ्या बेरजेंत प्रथम एक, मग दोन, मग तीन असे एक जमतात आणि मध्यानंतर त्याच क्रमानें ओसरतात. दहा एक घेतांच मात्र मधल्या घरांत दहा जमून हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असें विस्कटतें.

आतां हातचा न घेतां मध्यें दहा तसेच लिहिले तर? १२३४५६७८९१०९८७६५४३२१ ही वीस अंकी संख्या मिळते. पूर्वीच्या संख्या वर्ग असल्यामुळें त्यांचे अवयव उघड होते. ही मात्र मूळ संख्या आहे! एक व ती स्वतः यांवांचून तिला कोणीहि निःशेष भागीत नाहीं.

हें हातानें पडताळावयाचें, तर तिच्या वर्गमूळापर्यंतचे, म्हणजे सुमारें ३५१ कोटींपर्यंतचे, भाजक तपासले पाहिजेत. त्यांतील केवळ विषम भाजक घेऊन सेकंदास एक भागाकार अहोरात्र केला, तरी पंचावन्न वर्षांहून अधिक काळ लागेल. आजचें संगणकयंत्र योग्य कसोटी लावून हेंच काम क्षणांत उरकतें.

मग याच रीतीनें अकरापर्यंत चढून उतरलें, तर तीहि संख्या मूळच असेल काय? १२३४५६७८९१०१११०९८७६५४३२१ हिला सातानें भागून पाहा. बाकी उरत नाहीं. रूप तेंच, गुण निराळा. संख्येचें सौंदर्य आपणांस जिज्ञासेच्या दारापर्यंत नेतें. आंत प्रवेश मात्र सिद्धतेनेंच मिळतो. पुढच्या वेळीं डोंबिवलीस गाडीची वाट पाहावी लागली, तर कागद-पेन्सिल जवळ असूं द्यावी.