पाठ फिरवून झोपलेली आजी

पुरस्कारांच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. पण एप्रिल २०२२ मध्ये गीतांजली श्री यांची 'रेत समाधि' आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्काराच्या अंतिम सहा पुस्तकांत आली. तिथवर पोचलेली ही पहिलीच हिंदी कादंबरी. मूळ पुस्तक २०१८ सालचं, इंग्रजी अनुवाद डेझी रॉकवेल यांचा. आमच्या वाचन गटातल्या बायकांनी ठरवलं, निकाल लागायच्या आत वाचायचीच. हिंदी तर आपल्याला येतंच की!

गोष्ट ऐंशी वर्षांच्या आईची. नवरा गेल्यावर ती भिंतीकडे तोंड करून अंथरूण धरते. घरातले सगळे विनवून थकतात. मग एक दिवस ती उठते, मुलाचं घर सोडून लेकीकडे राहायला जाते आणि पुढे थेट सरहद्द ओलांडून पाकिस्तानात, फाळणीत मागे राहिलेल्या आपल्या आयुष्याकडे.

गटात मतं मात्र अगदी टोकाची! एक निवृत्त बाई म्हणाल्या, "पन्नास पानांवर पुस्तक मिटलं. वाक्य कुठून निघतं, कुठे जातं, काही पत्ता लागत नाही. दारं काय बोलतात, कावळे काय!" त्यावर एक तरुण सून म्हणाली, "काकू, मोठ्यानं वाचून बघा. आपल्या घरात सगळे एकदम बोलतात ना, तसंच आहे ते."

खरा वाद पेटला तो आई लेकीकडे जाते यावर. "मुलगा असताना लेकीकडे? लोक काय म्हणतील?" एकीनं विचारलं. दुसरी ताडकन म्हणाली, "लोक मुलाला बोलतील, जावयाला बोलतील. पण आईला कुठे राहायचंय, ते कुणी विचारतं का?" ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलाइतकीच मुलीचीही धरली आहे, हे मी सांगितलं, तेव्हा निम्म्या जणींना ते नवीन होतं.

आईची मैत्रीण रोझी तृतीयपंथी आहे. तिच्यापाशी सगळ्या जरा गप्प झाल्या. मग कोपऱ्यातून आवाज आला, "आपण दारातून पैसे देतो. आत बोलावून चहा देतो का कधी?" उत्तर कुणाकडेच नव्हतं.

आणि एक जण, जी सहसा बोलत नाही, ती म्हणाली, "माझ्या सासूबाई दोन वर्षं अशाच भिंतीकडे तोंड करून आहेत. आम्ही म्हणायचो, हट्टीपणा आहे. पुस्तक वाचलं आणि त्यांच्या पलंगावर जाऊन बसले. विचारलं, आई, तुम्हाला काय हवंय? तर म्हणाल्या, माहेरच्या गावचं तळं बघायचंय."

जूनमध्ये सासू-सून गाडी करून जाऊन आल्या. तळं बुजवून तिथं एसटी स्टँड झालेला. आजी परतीची सगळी वाट गावकारभाऱ्यांच्या नावानं बोटं मोडत होत्या. सून सांगत होती, "दोन वर्षांत त्यांचा आवाज पहिल्यांदा एवढा चढलेला ऐकला!"

निकाल लागला २६ मे २०२२ ला. पुरस्कार 'रेत समाधि'लाच मिळाला. भारतीय भाषेतल्या पुस्तकाला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. पन्नास हजार पौंडांची रक्कम लेखिका आणि अनुवादक यांच्यात निम्मी निम्मी वाटली गेली. आमच्या निवृत्त बाई मात्र ठाम होत्या, "बक्षीस मिळालं म्हणून माझं मत बदलणार नाही." बदलूही नये! पुस्तक आवडलंच पाहिजे असं थोडंच आहे?

पण मैत्रिणींनो, तुमच्या गावच्या वाचनालयात चौकशी करून बघा. नसेल तर मागवायला सांगा. आणि घरात कुणी भिंतीकडे तोंड करून झोपत असेल, तर "जेवलात का, गोळी घेतली का" याच्या पुढचा एखादा प्रश्न त्यांना विचारा. उत्तर कदाचित गैरसोयीचं असेल. तरीही विचारा.