अभ्यास पूर्ण झाला. त्यातून कळले काय?

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या काही रुग्णांच्या ईसीजीत मधूनच एखादा ठोका अवेळी पडलेला दिसतो. १९७० आणि ८०च्या दशकांत डॉक्टरांना या ठोक्यांची फार धास्ती वाटे. असे ठोके जास्त असलेले रुग्ण पुढे अचानक दगावण्याचे प्रमाणही जास्त असते, हे अनेक अभ्यासांत दिसून आले होते. मग हे ठोके दाबणारी एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे आली. गोळी सुरू केली की ईसीजी सुधारत असे. ठोके धोक्याचे, गोळी ठोके थांबवते, म्हणजे गोळी जीव वाचवते, हा हिशेब कोणालाही पटावा असा होता. अमेरिकेत या गोळ्या मोठ्या प्रमाणावर दिल्या जाऊ लागल्या.

हा हिशेब पडताळून पाहण्यासाठी ‘कास्ट’ नावाची चाचणी झाली. झटका येऊन गेलेल्या १,४९८ रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना औषधाची गोळी दिली गेली आणि निम्म्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी. कोणाला कोणती, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे तसे ठरवले होते. रुग्णाला ते माहीत नव्हते आणि त्याला तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. सरासरी १० महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ जण दगावले. औषध नसलेली गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी दगावले २६. एप्रिल १९८९मध्ये या दोन औषधांची चाचणी मध्येच थांबवावी लागली. ठोके खरोखरच थांबत होते, पण जीव वाचत नव्हते, उलट जात होते.

‘अभ्यासातून सिद्ध झाले’ ही बातमी आज रोज कोठे ना कोठे वाचायला मिळते. कॉफीने यकृत सुधारते, अमुक जीवनसत्त्वाने स्मरणशक्ती वाढते, तमुक गोळीने कर्करोग होतो. अभ्यास पूर्ण झाला, हे बहुतेक वेळा खरेच असते. पण तो कोणत्या प्रकारचा होता आणि त्यातून नेमके काय कळू शकते, हे बातमीत क्वचितच सांगितलेले असते. कास्टची गोष्ट लक्षात ठेवायची ती यासाठी.

पाहणे आणि पडताळणे

माणसांवरचे वैद्यकीय अभ्यास ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात संशोधक फक्त पाहतात आणि नोंदी ठेवतात. लोक आपल्या मर्जीने खातात-पितात, औषधे घेतात किंवा घेत नाहीत, आणि काही वर्षांनी कोणाला काय झाले ते मोजले जाते. याला निरीक्षणात्मक अभ्यास म्हणतात. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे क्लिनिकल ट्रायलमध्ये, उपचार कोणाला द्यायचा हे संशोधनाचा आराखडाच ठरवतो. उत्तम चाचणीत ही वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होते. त्यामुळे दोन्ही गटांत वय, आजाराची तीव्रता, शिक्षण, पैसा, सवयी हे सारे साधारण सारखे वाटले जाते. फरक उरतो तो फक्त उपचाराचा. पुढे निकालात मोठा फरक दिसला, तर तो उपचारामुळे पडला असे म्हणता येते.

पहिल्या प्रकारात ही खात्री नसते. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण रजोनिवृत्तीनंतर दिल्या जाणाऱ्या हार्मोनच्या गोळ्यांचे. अमेरिकेत १९७६मध्ये सुरू झालेल्या एका अभ्यासात सुमारे १ लाख २१ हजार परिचारिकांच्या तब्येतीच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या गेल्या. हार्मोन घेणाऱ्या परिचारिकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या जवळजवळ निम्मेच आढळले. इतर काही अभ्यासांचा कलही तसाच होता. साहजिकच या गोळ्या हृदयाच्या रक्षणासाठीही दिल्या जाऊ लागल्या.

पुढे १६,६०८ स्त्रियांवर चिठ्ठी पद्धतीने चाचणी झाली. तिचे निष्कर्ष जुलै २००२मध्ये जाहीर झाले आणि अनेक देशांत खळबळ उडाली. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या दोन हार्मोनची एकत्रित गोळी हृदयाचे रक्षण करत नव्हती. हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसातील रक्ताची गुठळी आणि स्तनाचा कर्करोग यांचे प्रमाण गोळी घेणाऱ्यांत थोडे जास्तच भरले. खुब्याच्या हाडाचे फ्रॅक्चर आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग मात्र कमी झाला.

मग आधीच्या परिचारिका खोटे सांगत होत्या का? मुळीच नाही. पण ज्या स्त्रिया स्वतःहून हार्मोन घेत होत्या, त्या बहुधा अधिक सुस्थितीतल्या, व्यायाम करणाऱ्या, डॉक्टरांकडे नियमित जाणाऱ्या होत्या. त्यांचे हृदय मुळातच अधिक निरोगी असण्याची शक्यता होती आणि त्याचे श्रेय गोळीला मिळाले. दुसरे कारण वयाचे. चाचणीतल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, तर परिचारिकांनी गोळ्या बहुधा पाळी थांबण्याच्या सुमारासच सुरू केल्या होत्या. म्हणूनच आज या गोळ्या सरसकट वाईट मानल्या जात नाहीत. पन्नाशीतल्या स्त्रीला अंगातून वाफा निघण्याचा असह्य त्रास होत असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या दिल्या जातात. हृदय वाचवण्यासाठी मात्र दिल्या जात नाहीत.

टक्के आणि माणसे

याच चाचणीने आणखी एक धडा दिला. स्तनाच्या कर्करोगाचा धोका २६ टक्क्यांनी वाढतो, हा आकडा तेव्हा गाजला. ऐकणाऱ्या स्त्रीला वाटावे, की गोळी घेणाऱ्या शंभरातल्या २६ जणींना कर्करोग होणार. प्रत्यक्षात औषध नसलेली गोळी घेणाऱ्या १०,००० स्त्रियांमध्ये वर्षाला सुमारे ३० जणींना हा कर्करोग होत होता, तर हार्मोन घेणाऱ्या १०,००० जणींमध्ये सुमारे ३८ जणींना. म्हणजे दहा हजारांत वर्षाला ८ जास्त. दोन्ही विधाने खरीच आहेत. पण एका विधानाने घाबरून औषध कचऱ्यात जाते आणि दुसऱ्याने डॉक्टरांशी बोलून निर्णय घेता येतो. म्हणून बातमीत नुसते टक्के दिसले, की ‘किती माणसांमागे किती?’ हे विचारावे.

पाहणेही पुरेसे ठरते

यावरून निरीक्षणात्मक अभ्यास कमअस्सल असतात, असा समज करून घेऊ नये. काही प्रश्नांना चाचणीच लावता येत नाही. निम्म्या लोकांना वीस वर्षे सिगारेट ओढायला लावणे हा गुन्हाच ठरेल. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१मध्ये डॉक्टरांनाच त्यांच्या धूम्रपानाच्या सवयी विचारल्या आणि ३४ हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांच्या नोंदी पुढे तब्बल ५० वर्षे ठेवल्या गेल्या. आयुष्यभर सिगारेट ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे १० वर्षे आधी मरण पावले. फरक प्रचंड होता, जितक्या सिगारेटी जास्त तितका धोका जास्त होता, आणि सोडणाऱ्यांचा धोका घटत होता. इतर देशांतही तेच दिसले. इतका भक्कम पुरावा असल्यावर चिठ्ठ्या टाकायची गरज उरत नाही.

आपल्याकडे, कोकणात, या दोन्ही पायऱ्या एकाच आजाराबाबत चढल्या गेल्या. रायगड जिल्ह्यातल्या महाड परिसरात लाल विंचवाचा दंश म्हणजे अनेकदा मृत्यू. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार आणि मग फुप्फुसात पाणी भरून तोंडाला फेस. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून बारकाईने नोंदी ठेवल्या. विषामुळे शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो आणि हृदयावर ताण पडतो, हे ध्यानात घेऊन त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरले. त्याचे अनुभव १९८६मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तीव्र विषबाधा झालेल्या शंभरातले तीसच्या आसपास दगावत, ते प्रमाण एक-दोनावर आले. येथे फरक इतका ठळक होता की डोळ्यांना दिसत होता.

पुढचा प्रश्न मात्र नजरेने सुटणारा नव्हता. प्राझोसिनला विंचूदंशावरच्या प्रतिविषाची जोड दिली, तर रुग्ण लवकर बरा होईल का? त्यासाठी महाडमध्येच ७० रुग्णांची चाचणी झाली आणि ती २०११मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. दोन्ही औषधे मिळालेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ जणांपैकी ८ जण. फार मोठी यंत्रणा नसतानाही नेमका प्रश्न विचारता येतो, हे एका तालुक्याच्या गावाने दाखवून दिले.

सॅनेटोरियमच्या भिंती

चाचणी काही वेळा उपचारातला अनावश्यक भागही दाखवून देते. क्षयरोग्याला स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस आहार हवा, म्हणून त्याला सॅनेटोरियममध्ये ठेवायचे, ही जगभरची पद्धत होती. आपल्याकडे पाचगणीला, मिरजेजवळ वानलेसवाडीला अशी सॅनेटोरियम होती. पण देशात रुग्ण लाखो आणि खाटा मूठभर.

१९५६मध्ये मद्रासला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना, ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद आणि मद्रास सरकार यांनी मिळून एक केंद्र उभारले. शहरातल्या गरीब वस्त्यांमधल्या १९३ रुग्णांची चिठ्ठी पद्धतीने वाटणी झाली. काही जण वर्षभर सॅनेटोरियममध्ये, काही जण आपल्या दाटीवाटीच्या घरात. औषधे दोघांनाही तीच. सॅनेटोरियममधल्यांना चांगले जेवण आणि विश्रांती होती. घरच्यांना ती नव्हती. वर्षाअखेरीस सॅनेटोरियमच्या गटात ९२ टक्के आणि घरच्या गटात ८६ टक्के रुग्णांचा आजार आटोक्यात आला होता. घरी राहिलेल्या रुग्णांमुळे कुटुंबीयांना क्षयाची लागण जास्त झाली, असेही पुढच्या पाहणीत आढळले नाही.

१९५९मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हवेपेक्षा आणि खाटेपेक्षा नियमित औषध महत्त्वाचे, हे कळले. आज क्षयाचा रुग्ण घरी राहून, कामावर जात औषधे घेऊ शकतो आणि सरकारी केंद्रातून ती मोफत मिळतात. या व्यवस्थेचा पाया त्या १९३ जणांनी घातला आहे.

कपाटात राहिलेला अभ्यास

पूर्ण झालेला प्रत्येक अभ्यास लोकांपर्यंत पोहोचतोच असे नाही. कास्टच्या जवळपास दहा वर्षे आधी, १९८०मध्ये, ब्रिटनमध्ये लोरकेनाइड या त्याच जातीच्या औषधाची सुमारे ९५ रुग्णांवर चाचणी झाली होती. औषध घेणाऱ्या गटात ९ मृत्यू झाले आणि दुसऱ्या गटात १. संशोधकांना तो योगायोग वाटला. औषधही व्यापारी कारणांनी मागे पडले आणि निष्कर्ष छापले गेले नाहीत. ते प्रसिद्ध झाले १९९३मध्ये. वेळीच छापले असते तर धोक्याची पूर्वसूचना मिळाली असती, हे संशोधकांनी स्वतःच तेव्हा लिहिले. दरम्यानच्या काळात त्याच जातीच्या गोळ्यांनी किती जीव गेले, याचा नेमका हिशेब आता लागणार नाही.

म्हणून चाचणी सुरू होण्याआधीच तिची जाहीर नोंद व्हावी, हा नियम आला. भारतात त्यासाठी २००७पासून ‘सीटीआरआय’ ही नोंदवही आहे आणि जून २००९पासून औषध चाचण्यांची नोंद सक्तीची झाली. ती कोणालाही इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते. नोंद झाली की चाचणी कोणी, कोठे, कशासाठी सुरू केली हे लपत नाही आणि निष्कर्ष कोठे आहेत, हे विचारता येते.

रुग्णालयात चाचणीचे संमतीपत्र समोर आले, की नातेवाईक हमखास विचारतात, ‘आमच्या माणसावर प्रयोग करताय का?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचे सरळ उत्तर मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. २०१९च्या नियमांनुसार नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती आवश्यक असते. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार आणि भरपाई द्यावी लागते. रुग्णाला चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे त्याचे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत.

पण या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. कास्टच्या आधी ज्यांना या गोळ्या चाचणीविनाच दिल्या गेल्या, त्यांच्यावरही प्रयोगच झाला होता. फक्त त्यांची संमती घेतली नव्हती आणि त्यांचे काय झाले याची नोंद कोणी एकत्र ठेवली नव्हती. चाचणीतल्या ८९ मृत्यूंची मात्र नोंद झाली, दोन्ही गटांची तुलना झाली आणि त्यानंतर झटक्यातून उठलेल्या रुग्णांना या गोळ्या देणे थांबले.