तिरकामठ्याची दुखणी

घरी केलेली पुष्कळ धनुष्यं पहिला बाण सुटायच्या आधीच मोडतात. वाकवून पाहताना बारीक 'टिक्' असा आवाज येतो, पाठोपाठ कडाड्, आणि हातात दोन तुकडे उरतात. मग दोष लाकडाला दिला जातो. ओलं होतं, किडकं होतं, जातच चुकीची होती. कधी कधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा मोडल्या जागचं लाकूड निरपराध असतं. शेजारच्या लाकडाने वाकायचं काम टाळलं आणि त्याच्या वाटचा भार याच्या अंगावर पडला, एवढंच. धनुष्याचं दुखणं जिथे दिसतं तिथे त्याचं कारण क्वचितच असतं. हे एकदा मनात ठसलं की निम्मी धनुष्यं वाचतात.

नेम धरल्यावर निशाणाकडे राहते ती धनुष्याची पाठ आणि आपल्याकडे राहतं ते पोट. दोरी ओढली की पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. पाठ बिघडली की तंतू तुटून चिरफळी उठते, पोट बिघडलं की लाकूड आतल्या आत चुरडतं. या सगळ्याच्या मुळाशी एक हिशेब आहे. बाहूची, म्हणजे मुठीपासून टोकापर्यंतच्या वाकणाऱ्या भागाची, रुंदी दहा टक्क्यांनी कमी केली तर ताठपणाही दहा टक्क्यांनीच घटतो. जाडी मात्र दहा टक्क्यांनी कमी केली तर ताठपणा सुमारे 27 टक्क्यांनी उतरतो, कारण तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे 15 मिलिमीटर जाड बाहूवरून दीड मिलिमीटर लाकूड गेलं की पाव भागाहून जास्त ताकद गेली. रंधा मारायची घाई झाली तर दीड मिलिमीटर बघता बघता जातो, आणि गेलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही.

सगळ्यात जास्त बळी घेते ती बिजागरी. बाहूने मुठीपासून टोकापर्यंत एका सलग वळणात वाकायला हवं, त्याऐवजी तो एकाच जागी दारासारखा मुडपतो. हे हातात धरून कळत नाही. भिंतीवर मूठ टेकेल असा भक्कम ठोकळा ठोकावा, मागे खडूने चौकटी आखाव्यात, ओढायची दोरी खाली लावलेल्या पुलीतून घ्यावी आणि चार हात लांब उभं राहून ओढावं. मोडलं तरी तुकडे अंगावर येत नाहीत आणि दोन्ही बाहूंचं वळण एका नजरेत दिसतं. डोळ्यांवर भरवसा नसेल तर वाकलेल्या बाहूच्या पोटावर वीतभर लांबीची सरळ पट्टी सरकवत न्यावी. पट्टी आणि लाकूड यांच्यातली फट जिथे एकदम मोठी होते तिथे बिजागरी आहे. जिथे फट दिसतच नाही तो भाग झोपलेला आहे.

नवखा माणूस कानस घेऊन नेमका बिजागरीवर जातो, कारण दोष तिथे दिसतो. तिथलं लाकूड आणखी पातळ होतं आणि प्रकरण संपतं. एरवी चेष्टेने म्हटलं जाणारं 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' हे इथे योग्य औषध आहे. बिजागरीवर पेन्सिलीने फुली मारून ती जागा निषिद्ध ठरवायची आणि तिच्या दोन्ही बाजूंचं झोपलेलं लाकूड पोटाकडून थोडं थोडं उतरवायचं. दर वेळी तासल्यावर वीस-तीसदा अर्धवट ओढून सावकाश सैल करायचं, कारण लाकूड काढल्याचा परिणाम ते राबल्याशिवाय दिसत नाही. आणि ज्या ओढीला दोष दिसला, तिच्या पुढे तो जाईपर्यंत बोटभरही जायचं नाही. यात धनुष्याचा जोर कमी होतो, चाळीस पौंडांचं ठरवलेलं तिसावर येतं. ते मान्य करावं. तीस पौंडांचं अखंड धनुष्य पुष्कळ दिवस साथ देतं.

ही युक्ती जुनी आहे. रॉजर ॲशमने 1545 साली इंग्लंडमध्ये 'टॉक्सोफिलस' हे धनुर्विद्येवरचं पुस्तक लिहिलं. लाकूड एका जागी चिमटलेलं दिसू लागलं की भोवतालचं लाकूड उतरवून तेही तितकंच नरम करावं, म्हणजे चिमटा तिथेच थांबतो, असा सल्ला त्यात आहे. त्याच वर्षी जुलैत 'मेरी रोझ' ही इंग्रज युद्धनौका बुडाली. विसाव्या शतकात तिच्या अवशेषांतून यूच्या लाकडाची शंभराहून अधिक अखंड धनुष्यं निघाली. यूच्या सालीलगतच्या फिक्या लाकडाची पाठ ताण सोसते आणि आतल्या गडद गाभ्याचं पोट दाब सोसतं.

आपल्याकडे यू सहज मिळत नाही आणि त्याची गरजही नाही. धामणीचं लाकूड चिवट आणि लवचिक म्हणून पूर्वापार नावाजलेलं आहे. सातपुड्यातल्या भिल्लांचा तिरकामठा तर बांबूचा असतो आणि त्याची दोरीही बांबूच्याच चिवट पट्टीची. बांबूत सगळ्यात दाट तंतू बाहेरच्या सालीलगत असतात. म्हणून ती साल पाठीला ठेवावी, तिच्यावर कानस फिरवू नये आणि तासायचं ते फक्त आतून.

लाकडालाही हाच नियम आहे. पाठीवर चिरफळी उठते, कारण तिथले तंतू मध्येच कापले गेलेले असतात. वखारीतल्या कापीव फळीत हे हमखास होतं. तिच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेल्या दिसल्या तरच ती घ्यावी. त्याहून चांगलं म्हणजे ओंडका पाचर घालून फोडावा. लाकूड फुटतं ते तंतूंच्या वाटेनेच. सालीखालचा पहिला पृष्ठभाग न दुखावता पाठ म्हणून ठेवता आला तर फारच उत्तम. गाठ आली तर तिच्याभोवती लाकूड जास्त ठेवावं. बारीक चिरफळी उचललेली दिसलीच तर तिच्याखाली पातळ सुपरग्लू सोडून वरून सरसात भिजवलेला दोरा घट्ट गुंडाळावा. खोल गेलेली असेल तर मोह सोडावा.

ओलाव्याचं दुखणं आपल्या हवेत दोन्ही बाजूंनी येतं. कोकणात आषाढ-श्रावणात लाकूड हवेतलं पाणी पितं आणि दोरी उतरवल्यावरही धनुष्य वाकलेलंच राहतं. विदर्भात मे महिन्यात तेच लाकूड इतकं सुकतं की पाठ तडकते. आठ ते दहा टक्के ओलावा चांगला. मीटर नसला तरी अडत नाही. लाकडाची दोन्ही टोकं तेलरंगाने बंद करून ते सावलीत ठेवावं आणि दर आठवड्याला वजन करावं. वजन उतरायचं थांबलं की लाकूड भोवतालच्या हवेशी जुळलं, म्हणून हे काम पावसाळा सरल्यावर करावं. मोडलेल्या लाकडावरूनही निदान होतं. लांब, तंतुमय चिरफळ्यांनी मोडलं असेल तर लाकूड चांगलं होतं, घडण चुकली. आखूड आणि आडवं मोडलं असेल तर ते कुजकं किंवा फार सुकलेलं होतं.

दोरी उतरवल्यावर दीड-दोन इंचांपर्यंत बाक राहिला तर काळजी नको. त्याहून जास्त राहिला तर ओलावा बघावा आणि लांबीही बघावी. ओढीच्या दुपटीहून आखूड धनुष्य नवख्याने करू नये, आणि मूठ ताठ ठेवायची असेल तर तिची लांबी त्यात वेगळी मिळवावी. पोटावर आडव्या, केसासारख्या रेघा दिसल्या, तिरक्या उजेडात त्या चटकन ओळखू येतात, तर तिथलं लाकूड चुरडलं आहे. ते पुन्हा जोडलं जात नाही. आसपासचं लाकूड उतरवून, ओढ कमी करून ते धनुष्य मुलांसाठी हलकं करावं.

दोरी मुठीच्या मधून न जाता एका बाजूला पडत असेल तर आधी टोकाच्या खाचा पाहाव्यात. दोन्ही बाजूंच्या खाचा सारख्या खोल नसल्या तरी एवढं होतं. त्या ठीक असतील तर बाहूच्या दोन्ही कडांची जाडी मोजून जाड कड उतरवावी. तरीही फरक राहिला तर अर्धा-पाऊण तास वाफ देऊन बाहू सरळ करावा आणि शिकंजात तसाच आवळून ठेवावा. वाफेचं पाणी पुरतं निघून जायला काही दिवस लागतात. तोवर दोरी चढवू नये.

बाण सुटताना मुठीला हिसका बसत असेल तर टोकं जड राहिली आहेत. शेवटचा वीतभर भाग फारसा वाकत नाही, तो नुसता वेगाने धावतो, म्हणून तिथे लाकूड जपून ठेवण्यात काही मिळत नाही. बाजूंनी तासून टोक करंगळीएवढं बारीक केलं तरी चालतं, फक्त खाचेखाली दोरी धरून ठेवण्याइतकी जागा राहिली पाहिजे. बारीक केलं की हिसका कमी होतो आणि त्याच जोराने बाण जास्त वेगाने जातो.