विश्वास स्वयंपाकघरात येतो तेव्हा

रोजच्या जगण्यातला ख्रिस्ती विश्वास हा आजचा आपला विषय. विषय मोठा आहे, म्हणून आपण एकच जागा धरू या: घरातलं स्वयंपाकघर. कोणाच्या हातचं पाणी आपण पितो आणि कोणाला आपल्या ताटाशेजारी बसवतो, एवढाच प्रश्न.

उदाहरण आपल्या नाशिकचंच घेऊ. लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरी वडिलांचं सोवळं फार कडक. तेच वळण घेऊन त्या सासरी आल्या. पुढे त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या. नंतर पतीजवळ आल्या, तरी खाण्यापिण्याचं सोवळं सुटलं नव्हतं.

त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. पण त्याआधी काय घडलं ते बघा. देवाने माणसं घडवली, जाती मात्र माणसांनी केल्या, असा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. आणि मग त्यांनी ठरवलं, की यापुढे कोणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हे मोकळेपणाने सांगितलं आहे. म्हणजे धर्म बदलण्याआधी त्यांचं ताट बदललं.

आता याची उलटी बाजू पाहू. ती बायबलमध्येच आहे. पेत्र हा येशूचा जवळचा शिष्य. परक्या कर्नेल्याच्या घरी जाऊन, देव माणसामाणसांत भेद करत नाही, हे त्याने स्वतः सांगितलं होतं. तोच पेत्र अंत्युखियात परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. पण यरुशलेमेहून काही मंडळी आली आणि लोक काय म्हणतील या भीतीने तो पंगतीतून बाजूला झाला. पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर विचारलं. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हे आहे. पेत्राची शिकवण चुकली नव्हती. त्याचं जेवणातलं वागणं चुकलं होतं. पौलाला ते सुवार्तेशी विसंगत वाटलं.

हे आपल्याला का सांगायचं? नाशिक रोडला फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते. सगळ्या धर्मांचे, सगळ्या जातींचे लोक एकाच रांगेत उभे राहतात. तिथे कोणी कोणाला आडनाव विचारत नाही. मग घरी आल्यावर? धुणंभांडी करणाऱ्या ताईंचा चहाचा कप वेगळा असतो का? मुलीचं स्थळ बघताना, दोन्हीकडचे ख्रिस्ती असूनही, ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न हळूच येतो का? येत असेल, तर आपण अंत्युखियातल्या पेत्राच्या जागी आहोत. रविवारची उपासना चुकलेली नसते, पण सोमवारी आपण पंगतीतून उठलेले असतो.

उपाय काही अवघड नाही, पण तो आपल्याला टोचतो. वेगळा कप आजच बाजूला करायचा. ज्यांच्या घरी आपण कधी जेवलो नाही, त्यांच्याकडे जेवायला जायचं, आणि त्यांनाही आपल्याकडे बोलवायचं. स्थळ बघताना तो एक प्रश्न विचारायचा नाही. नातेवाईक कुरकुर करतील. लक्ष्मीबाईंनाही लोकांचं बोलणं सोसावं लागलं. प्रार्थना आपण करतोच. पण शेजाऱ्याला आपला विश्वास कळतो, तो आपण त्याच्या हातचा पाण्याचा तांब्या घेतो तेव्हा.