विल्मकोटची दोन शेतघरे

इंग्लंडच्या वॉरिकशर परगण्यात, स्ट्रॅटफर्डपासून सुमारे तीन मैलांवर विल्मकोट नावाचे लहानसे खेडे आहे. शेक्सपिअरची आई मेरी आर्डेन ही या गावची. तिचे माहेर म्हणून ज्या घरासमोर प्रवासी सुमारे दोन शतके आदराने उभे राहत आले, ते घर तिचे नव्हतेच, असे २००० साली सिद्ध झाले. खरे घर जवळच, त्याच शेतवाडीच्या परिसरात उभे होते; त्याच्याकडे मान वळवून पाहण्याचे कोणालाही कारण वाटले नव्हते. हा प्रमाद कसा घडला आणि ते दुर्लक्षित घर मुळात वाचले कसे, हे समजून घेण्यासाठी अशा घरांच्या रचनेकडे प्रथम वळावे लागते.

इंग्लंडमधील जुन्या शेतघराचा भार भिंतींवर नसून ओक वृक्षाच्या लाकडी सांगाड्यावर असतो. दगडी जोत्यावर आडवी तुळई, तीत रोवलेले उभे खांब, वर पुन्हा तुळया आणि कैच्या, अशी ही मांडणी. दोन कैच्यांमधील अंतर हे तेथील घराचे माप. आपल्याकडे ‘तीन खणांचे घर’ म्हणताना जो अर्थ मनात असतो, नेमका तोच तेथेही आहे. पुण्या-नाशिकचे वाडे ज्याने पाहिले आहेत त्याला ही रचना अपरिचित वाटू नये. खांबांमधील चौकटी वेताटीच्या विणीवर माती, शेण व गवत लिंपून भरीत. म्हणजे तो आपला कूडच होय. पुढील काळात पुष्कळ ठिकाणी कूड काढून विटा भरण्यात आल्या.

सांधे जोडताना खिळा वापरीत नसत. एका लाकडाच्या टोकाला कोरलेले कुसू दुसऱ्यातील खाचेत बसवून आरपार ओकची खुंटी ठोकीत. खुंटीची भोके हेतुपुरस्सर किंचित मागेपुढे पाडलेली असत, त्यामुळे खुंटी आत जाताना सांधा आवळला जाई. सांगाडा बहुधा सुताराच्या आवारात जमिनीवरच जुळवून पाहिला जाई, आणि कोणते लाकूड कोठले हे कळावे म्हणून त्यावर रोमन अंकांच्या खुणा कोरल्या जात. त्या खुणा आजही अनेक घरांच्या माळ्यावर वाचता येतात.

विशेष महत्त्वाची गोष्ट अशी, की लाकूड ओलेच वापरीत. वाळलेला ओक इतका कठीण होतो, की त्यावर पटाशी चालवणे जिकिरीचे ठरते. म्हणून वृक्ष तोडल्यानंतर साधारणतः वर्षा-दोन वर्षांत तो घरात बसवला जाई. नंतर वाळताना लाकूड पीळ घेई; जुन्या इंग्रजी घरांचा तो सुप्रसिद्ध वाकडेपणा बऱ्याच अंशी यातून आला आहे. परंतु या प्रथेचा एक लाभ त्या सुतारांच्या स्वप्नातही आला नसेल. वृक्षाच्या वार्षिक वलयांची जाडी त्या त्या वर्षीच्या हवामानाप्रमाणे कमीअधिक होते. सालीलगतचे शेवटचे वलय शाबूत असेल, तर वृक्ष कोणत्या वर्षी तोडला हे त्या क्रमावरून सांगता येते. आणि तोडणीचे वर्ष कळले की बांधणीचे वर्ष जवळजवळ हाती आलेच.

आता विल्मकोटकडे वळू. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन जॉर्डन नावाच्या स्ट्रॅटफर्डच्या एका रहिवाशाने, जो व्यवसायाने गाडीची चाके करणारा आणि हौसेने कवी व स्थलदर्शक होता, गावातील एक देखणे लाकडी घर आर्डेन कुटुंबाचे म्हणून दाखवले. पुराव्याची उणीव घराच्या रूपाने भरून काढली. काळी लाकडे आणि पांढऱ्या चौकटी पाहून ‘हेच ते’ असे कोणालाही वाटावे. वस्तुतः ओक बहुधा तसाच रुपेरी-करडा राहू देत किंवा त्यावरही चुना फासीत; लाकडाला सर्रास काळे करण्याची आवड मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली. शेक्सपिअर जन्मस्थान न्यासाने हे घर १९३० साली विकत घेतले. पुढे १९६८ साली परिसराची शेतवाडी अबाधित राहावी एवढ्याच हेतूने न्यासाने जवळचे ‘ग्लीब फार्म’ही घेतले. या दुसऱ्या घराचे रूप नंतरच्या विटांच्या बांधकामाने व फेरफारांनी पार पालटून गेले होते.

२००० साली नॅट अल्कॉक या अभ्यासकाने जुन्या जमीनविषयक कागदपत्रांचा शोध घेतला, तेव्हा देखणे घर रॉबर्ट आर्डेनचा स्नेही व शेजारी अ‍ॅडम पामर याचे ठरले, आणि ग्लीब फार्म हे आर्डेनचे. विटांआड दडलेल्या लाकडांच्या वलयांनी बांधणीचे वर्ष १५१४ असे दिले. मेरीच्या जन्माच्या वेळी ते घर उभे होते.

म्हणजे खरे घर वाचले ते केवळ खोट्या घराचा शेजार म्हणून! अशा योगायोगावर विसंबावे लागू नये, यासाठीच इंग्लंडमधील इमारतींच्या संरक्षण-सूचीकडे पाहावे लागते. १८८२ च्या पहिल्या कायद्याचे लक्ष प्रामुख्याने प्रागैतिहासिक अवशेषांवर होते. राहत्या घरांची पद्धतशीर सूची १९४४ व १९४७ च्या नगररचना कायद्यांतून आली, आणि आज तिचा आधार १९९० चा कायदा आहे. पहिली, तारांकित दुसरी व दुसरी अशा तीन श्रेणी असून नऊ-दशांशांहून अधिक इमारती शेवटच्या श्रेणीत मोडतात. श्रेणी कोणतीही असो, संरक्षण आतून-बाहेरून संपूर्ण इमारतीला मिळते, आणि तिच्या वैशिष्ट्याला बाधा येईल असा बदल परवानगीविना करणे हा फौजदारी गुन्हा ठरतो. १७०० पूर्वीची आणि मूळ स्वरूप बऱ्याच अंशी टिकलेली इमारत असेल, तर तिची नोंद होणे जवळपास ठरलेलेच. तेथे कोण जन्मले, हा प्रश्न गौण मानला जातो. घरमालकाला हे ओझे वाटते, आणि त्याची तक्रार सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. मूळ पद्धतीची दुरुस्ती महाग पडते. परंतु ओकच्या चौकटीवर सिमेंटचा गिलावा केला, तर आत अडकलेली ओल लाकूड कुजवते. चुन्याच्या गिलाव्यातून ती सुकून जाऊ शकते.

दुरुस्तीचा विवेक कायद्याहून जुना आहे. विल्यम मॉरिसने १८७७ साली स्थापलेल्या प्राचीन वास्तू संरक्षण संस्थेने असा आग्रह धरला, की कुजलेला भाग तेवढाच बदलावा, नवे लाकूड जुन्याचे सोंग घेणारे नसावे, आणि मधल्या पिढ्यांनी घातलेली भर ‘मूळ रूपा’च्या हौसेपायी खरवडून काढू नये. या दृष्टीने पाहता ग्लीब फार्मवरचे विटांचे बांधकाम हाही घराच्या इतिहासाचाच एक थर होय. पामरच्या घराचेही नाव तेवढे बदलले. ते आता ‘पामर्स फार्म’ म्हणून ओळखले जाते, आणि सोळाव्या शतकातील शेतकऱ्याचे घर म्हणून त्याची योग्यता होती तेवढीच आहे.